माध्यम बदलताना

"ॲडजस्ट कर." हॉस्टेलमध्ये पाऊल टाकल्यापासून आपल्याला फुकट मिळणारी गोष्ट एकच, आणि ती म्हणजे हा सल्ला. मेसची आमटी पातळ? ॲडजस्ट कर. तिघींच्या खोलीत चौथी आली? ॲडजस्ट कर. मॅडमचं इंग्लिश डोक्यावरून जातं? अगं कर की ॲडजस्ट, सगळ्याच करतात. सल्ला देणारा मोकळा होतो. पण ॲडजस्ट होणं म्हणजे नेमकं काय होणं, त्याला वेळ किती लागतो आणि त्याचं बिल कोण भरतं, याचा हिशोब मात्र कुणी मांडत नाही.

हा हिशोब अगदी पैपैचा मांडलेला मी वाचला, तो अशा एका जिवाच्या बाबतीत ज्याला डोळे नाहीत, मेंदू नाही, रूममेट्स मात्र कोट्यवधी आहेत. यीस्ट!

या सेमला मी ओपन इलेक्टिव्ह म्हणून 'बायोलॉजी फॉर इंजिनिअर्स' घेतलं. दहावीनंतर बायोलॉजीला आपल्यापैकी बहुतेकांनी रामराम ठोकलेला, त्यामुळे वर्गात आम्ही जेमतेम चौदा जण. पण मंडळी, कंट्रोल सिस्टिम्सच्या पेपरात जे ब्लॉक डायग्राम आपण रट्टा मारून काढतो, ते त्या एका पेशीत खरोखर चालू असतात. आणि तिथे ग्राफ आधी काढून रीडिंग नंतर भरायची सोय नसते.

ज्यांना यीस्ट म्हटलं की फक्त बेकरी आठवते त्यांच्यासाठी सांगते. मिसळीबरोबरचा पाव ज्याच्यामुळे फुगतो तेच हे, पूर्ण नाव सॅकरोमायसिस सेरेव्हिसी. गोव्यातले पोदेर पूर्वी पावाचं पीठ माडीने आंबवायचे, तिथेही काम यीस्टच करायचं. एक पेशी म्हणजे एक अख्खा जीव, आकार मिलिमीटरचा साधारण दोनशेवा भाग. पोटभर साखर मिळाली तर दीड-एक तासात एकीच्या दोन होतात. १९९६ साली तिचा पूर्ण जीनोम वाचून झाला. आपल्यासारखं केंद्रक असलेल्या सजीवांमध्ये हा मान सगळ्यात आधी यीस्टला मिळाला. गुणसूत्रं १६, जीन्स सुमारे ६,०००.

आता जीन म्हणजे काय, तर लायब्ररीच्या रेफरन्स सेक्शनमधलं पुस्तक. ते बाहेर नेता येत नाही. हवं तर झेरॉक्स काढायची आणि झेरॉक्स घेऊन जायची. पेशीतही तसंच आहे. डीएनए केंद्रकात राहतो, लागेल त्या जीनची झेरॉक्स निघते (तिला एमआरएनए म्हणतात), ती बाहेर येते, आणि रायबोसोम नावाची यंत्रं ती वाचून प्रोटीन तयार करतात. पुस्तकं सहा हजार असली तरी सगळ्यांच्या झेरॉक्स एकाच वेळी काढायच्या नसतात. कुठल्या पुस्तकाच्या किती प्रती, कधी काढायच्या आणि कधी थांबवायच्या, याला जीन एक्स्प्रेशन म्हणायचं. परिस्थिती बदलली की ही ऑर्डर बदलते. यीस्टचं ॲडजस्ट होणं ते हेच.

झेरॉक्सला पैसे पडतात, हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. पण पेशीत खरा खर्च आहे तो यंत्रांचा. जोरात वाढणाऱ्या यीस्टच्या एका पेशीत सुमारे दोन लाख रायबोसोम असतात, आणि ती मिनिटाला साधारण २,००० नवे रायबोसोम बांधत असते. मिनिटाला दोन हजार! म्हणजे वाढायचं म्हटलं की बजेटचा मोठा हिस्सा तिथेच जातो. मग नवीन संकटासाठी तरतूद कुठून करायची? दुसरं काहीतरी कमी करून. हे डोक्यात ठेवा, पुढे लागणार आहे.

ही कहाणी खरं तर बॅक्टेरियापासून सुरू होते. १९४१ साली पॅरिसमध्ये जाक मोनो याने आपल्या पीएचडीच्या कामात एक गंमत नोंदवली. बॅक्टेरियांना दोन वेगवेगळ्या साखरा एकत्र दिल्या, तर काही जोड्यांच्या बाबतीत वाढीचा ग्राफ वर जातो, मग आडवा होतो, आणि थोड्या वेळाने पुन्हा वर चढतो. आधी आवडीची साखर संपवायची, मग थांबायचं, मग दुसरी. त्या मधल्या आडव्या तुकड्याला म्हणायचं लॅग. बघणाऱ्याला वाटेल, पेशी आळसावल्या. पण त्या वेळात आतमध्ये जुनं सामान आवरून नवं लावायचं काम चालू असतं. या 'आळसा'मागचं कारण शोधता शोधता जीन्स चालू-बंद कशा होतात हेच उलगडलं, आणि १९६५ साली मोनो, झाकोब आणि ल्वॉफ यांना नोबेल मिळालं. ग्राफमधला आडवा भाग 'काही विशेष नाही' म्हणून सोडून दिला असता तर हे राहूनच गेलं असतं.

यीस्टची आवडती साखर ग्लुकोज. गॅलॅक्टोजही तिला खाता येतं, पण त्यासाठी वेगळी एन्झाइम्स लागतात. ग्लुकोज समोर असताना ती एन्झाइम्स बनवणं म्हणजे मेसमध्ये जेवण तयार असताना खोलीत स्टोव्ह पेटवण्यासारखं (जे नियमात बसत नाही, हे रेक्टर मॅडमनी वाचावं). म्हणून त्या जीन्सना कुलूप असतं, आणि तेही दुहेरी. गॅल-४ नावाचं एक प्रोटीन त्या जीन्सच्या दारातच बसलेलं असतं, चालू करायला तयार. पण त्याच्या अंगावर गॅल-८० बसून त्याला दाबून ठेवतं. शिवाय ग्लुकोज असेपर्यंत मिग-१ नावाचा दुसरा पहारेकरी केंद्रकात येऊन बसतो. ग्लुकोज संपत आलं की स्नफ-१ हे एन्झाइम मिग-१ला केंद्रकाबाहेर काढतं. गॅलॅक्टोज आलं की गॅल-३ ते ओळखतं आणि गॅल-८०ला पकडून बाजूला करतं. दोन्ही अटी पूर्ण झाल्या, की त्या जीन्सच्या झेरॉक्स जवळपास हजार पटींनी वाढतात. डिजिटलवाल्यांनी अँड गेट ओळखलं असेलच. जाता जाता, या स्नफ-१चं भावंड आपल्या पेशींतही आहे, एएमपीके नावाचं, आणि तेही ऊर्जा कमी पडली की जागं होतं.

१९९७ साली स्टॅनफर्डमध्ये डीरिसी, अय्यर आणि ब्राऊन या तिघांनी एक सुंदर प्रयोग केला. काचेच्या तुकड्यावर यीस्टच्या जवळजवळ सगळ्या जीन्सचे ठिपके मांडले आणि ग्लुकोज संपत जाताना कुठल्या जीनच्या झेरॉक्स वाढतात, कुठल्या घटतात ते एकाच वेळी पाहिलं. ग्लुकोज भरपूर होतं तोवर फारशी हालचाल नाही. ते संपलं, आणि सुमारे ७१० जीन्सचं काम दुपटीहून वाढलं, सुमारे १,०३० जीन्सचं निम्म्याहून खाली आलं. एक साखर संपली म्हणून सहा हजारांतल्या सतराशेहून जास्त जीन्सची उलथापालथ! घटलेल्यांत रायबोसोम बांधणाऱ्या जीन्स होत्या. वाढलेल्यांत, याआधी यीस्टनेच तयार करून ठेवलेलं अल्कोहोल ऑक्सिजन वापरून जाळण्याच्या.

आपण 'ॲडजस्ट कर' म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर एक स्विच असतो. खट्, झालं. प्रत्यक्षात ते घर बदलण्यासारखं आहे.

२००० साली ऑड्री गॅश आणि सहकाऱ्यांनी याच्याही पुढे जाऊन यीस्टला सगळ्या प्रकारचा त्रास देऊन पाहिला. उष्णता दिली, हायड्रोजन पेरॉक्साइड दिलं, खारट पाणी दिलं, उपाशी ठेवलं. त्रास वेगवेगळे, पण सुमारे ९०० जीन्स अशा सापडल्या की त्रास कुठलाही असो, त्या साधारण एकाच पद्धतीने हलतात. त्यातल्या सुमारे ३०० वाढतात. त्या संरक्षणाच्या. सुमारे ६०० घटतात. त्यांतल्या बऱ्याच वाढीच्या, म्हणजे पुन्हा रायबोसोम वगैरे. मला यातला आकड्यांचा भाग सगळ्यात जास्त बोलका वाटतो. संकट आल्यावर पेशी जेवढ्या जीन्स चालू करते त्याच्या दुपटीने आवरत्या घेते. संरक्षण आणि वाढ, दोन्हीला एकदम पूर्ण पैसे द्यायला तिच्याकडे नसतातच. आणि हा सगळा गोंधळ कायमचा नसतो. सुरुवातीला मोठी उसळी येते, मग बहुतेक जीन्स जुन्या पातळीच्या आसपास येऊन स्थिरावतात. धक्का मोठा असेल तर उसळी मोठी, आणि ओसरायला वेळही जास्त.

म्हणजे संकटाच्या पहिल्या तासात कुणी यीस्टची परीक्षा घेतली, तर ती नापास होणार. आपल्या भाषेत, 'वाढ असमाधानकारक'.

इन्स्ट्रुमेंटेशनच्या मंडळींसाठी एक खास खाऊ. यीस्टला मिठाच्या पाण्यात टाकलं तर पेशीतलं पाणी बाहेर जातं आणि ती आक्रसते. पेशीपटलातले सेन्सर हे ओळखतात, हॉग-१ नावाचं प्रोटीन मिनिटांत केंद्रकात पोचतं, पेशी ग्लिसरॉल बाहेर जाण्याचं दार बंद करते आणि आत ग्लिसरॉल साठवत जाते. दाब सावरला की हॉग-१ बाहेर येतं, तेही मीठ तेवढंच असताना! एरर शून्य होईपर्यंत थांबायचं नाही. ओळखलंत? २००९ साली एमआयटीमधल्या व्हॅन औडेनार्डन यांच्या गटाने दाखवलं की हे इंटिग्रल कंट्रोल आहे. आपल्या पीआयडीमधला आय, पावाच्या यीस्टमध्ये. त्याच गटाने २००८ साली यीस्टला मिठाच्या स्क्वेअर वेव्ह देऊन तिचा फ्रिक्वेन्सी रिस्पॉन्स काढला होता. त्यातून कळलं की पहिल्या काही मिनिटांचं सावरणं नव्या प्रोटीनची वाट बघत नाही, हाताशी आहे त्यावरच भागवलं जातं. जीन एक्स्प्रेशनचा उपयोग नंतर दिसतो, पुढच्या धक्क्याच्या वेळी.

आणि २०१५ साली कॅलिफोर्नियात वेंडेल लिम यांच्या प्रयोगशाळेत याच यंत्रणेचं वर्मही सापडलं. मीठ एकदा टाकून ठेवलं तर यीस्ट निभावते. अगदी झटपट आत-बाहेर केलं तरी निभावते. पण काही मिनिटांच्या एका मधल्याच फ्रिक्वेन्सीने दिलं-काढलं, दिलं-काढलं, तर मीठ थोडं असूनही वाढ पार मंदावते, कारण अलार्म दर वेळी नव्याने पूर्ण जोरात वाजतो. टेस्ट, सबमिशन, टेस्ट, ओरल, टेस्ट या आपल्या टाइमटेबलशी याचा संबंध ज्याने त्याने आपापल्या जबाबदारीवर जोडावा.

आता मुख्य मुद्द्याकडे येते. हा लॅग सगळ्यांचा सारखा असतो का? अजिबात नाही. २०१५ साली हार्वर्डमधल्या मायकल स्प्रिंगर यांच्या गटाने वेगवेगळ्या ठिकाणच्या यीस्टच्या जाती घेऊन त्यांना ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज एकत्र दिलं. काही जातींना मध्ये जवळपास थांबावंच लागलं नाही, काहींना कित्येक तास लागले. न थांबणाऱ्या जाती हुशार होत्या का? तर त्यांनी ग्लुकोज पुरतं संपण्याआधीच गॅलॅक्टोजची तयारी सुरू केली होती. पण तयारीला खर्च आला, आणि ग्लुकोज असताना त्यांची वाढ थोडी मंद राहिली. ज्या जाती ग्लुकोजवर सुसाट होत्या त्यांना बदलताना जास्त थांबावं लागलं. कोण पुढे, हे कधी मोजता त्यावर अवलंबून.

बेल्जियममध्ये केव्हिन व्हर्स्ट्रेपेन यांच्या प्रयोगशाळेत माल्टोज या साखरेवर असंच काम झालं. पेशी जितका जास्त वेळ ग्लुकोजवर वाढलेली, तितका माल्टोजवर आल्यावर तिचा लॅग लांबतो. डीएनए तोच असूनही. इतकंच नाही, तर एकाच भांड्यातल्या जुळ्या बहिणींमध्येही काही लवकर उठतात, काही फार उशिरा. २०१८ साली त्यांनी आणखी एक गोष्ट दाखवली. इथे घोडं अडतं ते मुख्यतः माल्टोजच्या जीन्सपाशी नव्हे, तर श्वसनाची यंत्रणा सुरू करण्यापाशी. ग्लुकोजच्या सुकाळात ती बंद ठेवलेली असते, आणि मधल्या काळात ऊर्जा मिळवायला तीच लागते. श्वसनाचा जोर मुद्दाम वाढवून ठेवला तर लॅग कमी होतो.

आणि आठवण? तीही असते. २००७ साली ग्रीसमधल्या संशोधकांनी दाखवलं की ज्या यीस्टने पूर्वी गॅलॅक्टोज खाल्लेलं आहे, तिला मध्ये ग्लुकोजवर ठेवून पुन्हा गॅलॅक्टोज दिलं, तर ती नवख्या यीस्टपेक्षा लवकर सुरू होते. मधल्या काळात कित्येक पिढ्या गेल्या तरीही. कारण साधं आहे. आईच्या पेशीतलं गॅल-१ प्रोटीन लेकीत उतरतं, तिथून नातीत, दर पिढीला थोडं पातळ होत. डीएनए सारखाच, पण आजीने काय खाल्लं होतं त्याचा फायदा नातीला.

मायक्रोबायोलॉजीत पेशी ज्या द्रवात वाढवतात त्याला मीडियम म्हणतात, मराठीत माध्यम. हा शब्द मी पहिल्यांदा त्या वर्गात या अर्थाने ऐकला आणि माझं पुढचं लेक्चर वाहून गेलं.

मी कॉन्व्हेंटची. आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत मराठीत बोललं तरी दोन रुपये दंड होता. मराठी जिवंत राहिली ती आजीमुळे आणि तिच्याकडे येणाऱ्या दिवाळी अंकांमुळे. इंजिनिअरिंगला आल्यावर पहिल्या दिवशी मॅडम 'मोमेंट ऑफ इनर्शिया' म्हणाल्या तेव्हा मला फक्त मोमेंट ऑफ इनर्शिया शिकायचं होतं. माझ्या रूममेटचं तसं नव्हतं. ती जत तालुक्यातली, दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावी-बारावीची पुस्तकं इंग्लिश, पण वर्गात समजावणं सगळं मराठीत. तिच्या डोक्यात त्वरण होतं, संवेग होता, विस्थापन होतं, आणि माझ्यापेक्षा पक्कं होतं. गणित वाचायचं, मराठीत आणायचं, सोडवायचं, पुन्हा इंग्लिशमध्ये न्यायचं, अशी तिची दर प्रश्नाला दोन जादा फेऱ्यांची मजुरी. व्हायवाला उत्तर ठाऊक असायचं, शब्द उशिरा यायचे. एक्स्टर्नल तोवर "नेक्स्ट" म्हणालेले. त्याच काळात तिला बँकेचा फॉर्म, बसचा पास, मेसचं जेवण, आणि "हे पण माहीत नाही?" असं म्हणणाऱ्या आमच्यासारख्या, हे सगळंही पचवायचं होतं. इथेही घोडं मेकॅनिक्सपाशी अडलेलं नव्हतं.

पहिल्या सेमला तिचा मेकॅनिक्स राहिला. दुसऱ्या सेमला तो निघाला, आणि एसजीपीए ८.४ आला, माझ्याहून जास्त. लॅग संपला, ग्राफ चढला. पण आपल्याकडे दुसऱ्या वर्षाची हॉस्टेलची खोली मिळते ती दोन्ही सेम मिळून आणि पहिल्या सेमला विषय राहिला असेल तर अर्ज मागच्या यादीत. त्या यादीपर्यंत खोल्या उरत नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. ती आता बाहेर कॉट बेसिसवर राहते. भाडं हॉस्टेलच्या तिपटीहून जास्त, दोन बस बदलून येते, रात्री लायब्ररीत थांबता येत नाही. म्हणजे जिने माध्यम बदलण्याचा खर्च एकदा भरला, तिलाच आपण दुसरं संकट काढून दिलं. आणि मी, जिच्या पोटात केजीपासूनचं गॅल-१ होतं, ती तीन मिनिटांवरच्या खोलीत झोपून नऊच्या लेक्चरला उशिरा पोचते.

यावर लोक काय म्हणतात ते मी मेसमध्ये ऐकलंय. एक म्हणणं, मेरिट म्हणजे मेरिट. मान्य. पण पहिल्या सेमचे मार्क नेमकं काय मोजतात? लॅगमध्ये घेतलेलं रीडिंग पेशीची ताकद सांगत नाही, ती आधी कुठल्या माध्यमात होती ते सांगतं. कुठल्याही लॅबमध्ये आपण इन्स्ट्रुमेंट सेटल होण्याआधीचं रीडिंग टेबलमध्ये लिहिलं तर सर जर्नल फेकून देतील. ट्रान्झिएंट संपू द्या, मग मोजा, हे आपल्याच पुस्तकात लिहिलेलं आहे.

दुसरं म्हणणं, मराठी माध्यमातल्या अमुक एकाने तर पहिल्याच सेमला टॉप केलं, मग बाकीच्यांना काय झालं? एकाच भांड्यातल्या जुळ्या पेशीसुद्धा एका वेळी उठत नाहीत. सगळ्यात आधी उठलेल्या पेशीकडे बोट दाखवून बाकीच्यांना आळशी ठरवणं, हे निदान इंजिनिअरला शोभत नाही. डिस्ट्रिब्यूशन असतं, ते बघायचं असतं.

तिसरं म्हणणं जास्त वजनदार आहे. माणूस म्हणजे यीस्ट नव्हे. खरंच नव्हे. यीस्ट अमुक करते म्हणून आपणही तसं करावं, असं मी म्हणत नाही. नाहीतर जास्त झालं की आपल्याच अल्कोहोलमध्ये बुडून मरणंही यीस्टकडून शिकावं लागेल, आणि बॉईज हॉस्टेलला त्यासाठी लेख लागत नाही. मी मागतेय ती मोजण्याची शिस्त. इतक्या साध्या, एकपेशीय जिवाच्या बाबतीत सुद्धा 'बदल जमला का' हे ठरवण्याआधी संशोधक तीन गोष्टी विचारतात. आधी कुठे होती, किती वेळ दिला, आणि त्या वेळात ती आणखी कशाकशाला तोंड देत होती. आपण आपल्याच वर्गमित्रांबद्दल यातलं एकही न विचारता यादी लावतो.

कुणी म्हणेल, मग सगळं मराठीतच शिकवा ना. २०२१ पासून एआयसीटीईने मराठीसह काही भारतीय भाषांमध्ये इंजिनिअरिंग शिकवायला परवानगी दिलेली आहे, त्यावर दोन्ही बाजूंनी बोलण्यासारखं पुष्कळ आहे, पण तो वेगळा लेख. इथे मुद्दा आज ज्यांना माध्यम बदलावं लागतंय त्यांचा आहे. आणि त्यांच्यासाठी स्प्रिंगर यांच्या यीस्टकडे एक व्यवहारी उत्तर आहे: जुनी साखर पुरती संपण्याआधी नवीची ओळख. आपल्याकडे दोन सर असं शिकवतातच. संकल्पना आधी मराठीत, मग तीच इंग्लिशमध्ये, मग फळ्यावर दोन्ही शब्द शेजारी शेजारी. वेळ जास्तीत जास्त पाच मिनिटं जास्त जातो. नावं घेत नाही, पण त्यांच्या लेक्चरला मागचे बाक भरलेले असतात आणि झोपलेले नसतात. पहिले सहा आठवडे तरी सगळ्यांनी असं करून बघायला काय हरकत आहे? आम्ही कॉन्व्हेंटवाल्यांनाही 'त्वरण' कळलं तर आमचं काही बिघडणार नाही. मला तर आवडला तो शब्द. ॲक्सिलरेशनपेक्षा वेगवान वाटतो.

हॉस्टेल कमिटीकडे मागणी एकच आहे. दुसऱ्या वर्षाची खोली देताना फक्त दुसऱ्या सेमचा एसजीपीए धरावा, आणि पहिल्या सेमचा राहिलेला विषय दुसऱ्या सेममध्ये निघाला असेल तर तो राहिला होता हे यादीसाठी विसरून जावं. जादा खोल्या बांधायला नकोत, जादा पैसा नको, एक्सेलमधला एक कॉलम काढायचा आहे. यामुळे माझी स्वतःची खोली कदाचित जाईल, रँक मी काढून पाहिला आहे.

अर्ज मराठीत आणि इंग्लिशमध्ये, दोन्ही लिहून तयार आहे. लेडीज हॉस्टेलला मेसच्या रजिस्टरशेजारी आणि बॉईज हॉस्टेलला वॉचमन काकांच्या टेबलावर ठेवलाय. सही करताना शाळेचं माध्यमही लिहा, तेवढा एक रकाना मुद्दाम ठेवला आहे. पेन बांधलेलं आहे, कृपया नेऊ नये.